डोक्याला तेल लावू नये

आदल्या रात्री चारच तास झोपावे.
केस धुऊन यावे. डोक्याला तेल लावू नये.
उपाशी येऊ नये.
ही चिठ्ठी मी दिवसातून सहा वेळा वाचून दाखवतो
धुळ्यात, साक्री रोडला, दुसऱ्या मजल्यावर.
खाली मसाल्याची चक्की आहे,
जिन्यात बारमाही खकाणा.

यामिनी गिरासे, वय एकोणीस, दोंडाईचा.
डोळे लाल, केस कोरडे,
हातात वैमानिकाच्या तपासणीचे कागद.
सोबत आई, डब्यात कळण्याची भाकरी:
उपाशी येऊ नये, हे तिने फार मनावर घेतलेले.

टेपने डोके मोजतो.
नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत,
या कानापासून त्या कानापर्यंत,
लाल पेन्सिलीच्या खुणा,
मोजणीवाले बांधावर खुंट्या ठोकतात तशा.
एकवीस वायरी. पेस्ट थंडगार.
“इमान चालाडतांना बी आश्याच वायरी लावतस का?”
नाही, मावशी. तिथे नुसता हेडफोन.

डोळे मिट. उघड. मिट.
मिटल्याबरोबर मागच्या रेघांवर
शिलाई मशीनने टीप घालावी तशी लाट,
सेकंदाला दहा.
आता जोरात श्वास, तीन मिनिटे, फुगा फुगवतेस असा.
मग दिवा, पापण्यांवर लपलप,
तीन, सहा, नऊ, पंधरा.
पंख्याच्या पात्यांआडून ऊन आले तर
मेंदू काय करतो,
ते इथे खुर्चीतच बघून घ्यायचे असते.
वर बाजूला थांबायला जागा नसते.

मग झोप. रात्रीची उधारी होतीच,
ती लगेच झोपली.
आईने स्टूल ओढले.
“भाऊ, सात वरीसनी व्हती. सारंगखेडानी जत्रा.
पाळणाम्हाईन उतरनी नि आकडी उनी.
कांदा हुंगाडा, जोडा हुंगाडा, मंग उठनी.
एकच डाव. आठे लिखू नका.”

पडद्यावर मुलगी झोपलेली.
कुठे काटा नाही.
ते सांगायचा मला अधिकार नाही, निदान डॉक्टर लिहितात.
पण बावीस वर्षे झाली,
काटा मला लांबून ओळखू येतो,
माझा स्वतःचा तर तोंडपाठ आहे:
डावीकडे, कानाच्या जरा वर.
सकाळी एक गोळी, रात्री एक.
म्हणून मी सायकलने येतो, कडेकडेने.
मेहुण्याने दिलेली मोटारसायकल
भाचा चालवतो.
विहिरीच्या काठावर मी वाकत नाही.

अर्जात एक ओळ आहे:
कधी फिट, आकडी, शुद्ध हरपणे? होय / नाही.
‘कधी’ केवढासा शब्द.
त्याला पाळणा कळत नाही, जत्रा कळत नाही,
बारा वर्षे मध्ये गेली हेही नाही.
मी त्याला पुष्कळ शिव्या घातल्या आहेत.
तरी मागच्या सीटवर पट्टा बांधून बसलेला
कोणी अनोळखी माणूस
हेच विचारेल,
एवढे मला कळते. मीही विचारेन.

पेस्ट पुसताना तिने विचारले,
“आई काय सांगत होती?”
मी कापूस पुन्हा पाण्यात बुडवला.
“तिलाच विचार.”

दोघी जिन्यात बराच वेळ.
खोकला ऐकू यायचा, मग शब्द, मग नुसता खोकला.
वर आली तेव्हा एकटीच,
केसांत पांढरे पोपडे तसेच.
“दुसरा फॉर्म मिळेल?
यात मी ‘नाही’ला खूण केली आहे.”
फॉर्म इथे मिळत नाहीत.
“मग खोडलं तर चालतं?”
खोडून शेजारी सही केली की चालतं.
“पेन?”

दिला. पुढे पाहिले नाही,
वायरी धूत राहिलो, धुतलेल्याच पुन्हा.
गोंदूरकडून एक छोटे विमान आले,
खिडकीची काच थरथरली,
सेकंदाला किती, मी मोजू लागलो.

पुढचा पेशंट आत आला.
डोक्याला चांगले चोपडून तेल.